कौशल्य एकट्याचे की दोघांचे?

सोलापूरहून अक्कलकोटकडे निघाले, की शहर मागे पडता पडता रस्त्यालगत औद्योगिक वसाहत लागते. अक्कलकोट रोड एमआयडीसी हे तिचे रोजच्या बोलण्यातले नाव. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्या व्यवसायातले अनेक कारखाने या वसाहतीत आहेत. अभियांत्रिकीचे, वस्त्रनिर्माणाचे आणि व्यवस्थापनाचे विद्यार्थी अशा ठिकाणी ‘औद्योगिक भेटी’साठी जातात आणि परत येऊन अहवाल लिहितात. अहवालात मागांची संख्या, सुताचा प्रकार, पाळीचे उत्पादन या गोष्टी येतात. एक गोष्ट मात्र सहसा येत नाही. मागांच्या शेडमध्ये पाऊल टाकले, की सर्वांचीच बोलण्याची रीत बदलते.

यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाजाची पातळी सहज ९० डेसिबलच्या पुढे जाते. आपले साधे संभाषण ६० डेसिबलच्या आसपास चालते. डेसिबलच्या मोजपट्टीवर दर १० ची वाढ म्हणजे ध्वनीच्या तीव्रतेत दहापट वाढ, हे आपण शाळेत शिकवतो. म्हणजे येथे फरक हजारपटीचा झाला. महाविद्यालयात वक्तृत्वाची ढाल मिळवणारा विद्यार्थी या दारातून आत गेला, की त्याचे वक्तृत्व दाराबाहेर राहते. कामगारांचे मात्र अडत नाही. तार तुटली, कांडी संपत आली, जॉबरला बोलवा, एवढे सांगायला हाताची खूण आणि ओठांची हालचाल पुरते. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरण्यांत विणकर स्त्रियांनी ओठ ठळकपणे हलवून, हावभावांसह बोलण्याची अशीच एक पद्धत घडवली होती. तिला ‘मी-मॉइंग’ असे स्वतंत्र नावच पडले होते. कॅनडातल्या लाकूड कापण्याच्या गिरण्यांत तर कामगारांची एक खुणांची भाषा तयार झाली होती. माइसनर आणि फिलपॉट या संशोधकांनी १९७५ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. कामापुरत्या खुणांवर ती थांबली नव्हती. थट्टामस्करीही तिच्यात चाले.

आता विचार करा. आपला वक्तृत्वपटू शेडमध्ये शिरला आणि दहा पावलांत ‘संवादकौशल्य नसलेला’ झाला. त्याच्या मेंदूत काही बदल झाला का? नाही. त्याच्या भोवतालची रीत बदलली. मग कौशल्य नेमके कोठे असते? माणसात, की माणूस आणि भोवताल यांच्या जुळणीत?

प्रश्न सोपा वाटतो, पण त्यावर आज महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांचे भवितव्य अवलंबून आहे. लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवणारा विद्यार्थी तोंडी परीक्षेत परीक्षकाच्या डोळ्यांत बघत नाही, गटचर्चेत आपली पाळी कधी येते हे त्याला उमगत नाही, विचारलेल्या प्रश्नाचे अक्षरशः उत्तर देऊन तो गप्प बसतो. त्याच्या नावापुढे शेरा पडतो, ‘सामाजिक कौशल्ये कमी’. अशा विद्यार्थ्यांपैकी काही जण स्वमग्न असतात, काहींना अवधान टिकवण्याची अडचण असते, काहींना अध्ययन अक्षमता असते. या सर्वांसाठी अलीकडे ‘न्यूरोडायव्हर्जंट’ हा शब्द वापरला जातो. ज्यांच्या मेंदूची घडण बहुसंख्यांपेक्षा वेगळी आहे असे लोक, हा त्याचा सोपा अर्थ. बहुसंख्यांसाठी ‘न्यूरोटिपिकल’ हा शब्द आहे. आपण त्यांना ‘वेगळ्या घडणीचे’ आणि ‘प्रचलित घडणीचे’ म्हणू. यांतील स्वमग्नतेवर संशोधन सर्वांत जास्त झाले आहे, म्हणून या लेखात मुख्यतः तिचाच विचार केला आहे.

‘सामाजिक कौशल्य’ हा शेरा इतका सवयीचा झाला आहे, की तो जणू उंची किंवा वजनासारखा मोजता येणारा गुण आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात या कल्पनेला एक इतिहास आहे, आणि तो कारखान्यातून सुरू होतो.

यंत्र चालवणारा माणूस

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनपुढे एक व्यावहारिक प्रश्न होता. तोफ किंवा रडार चालवणाऱ्या माणसाकडून चुका का होतात? केंब्रिजमधील तरुण मानसशास्त्रज्ञ केनेथ क्रेक यांनी या माणसाकडे नियंत्रण यंत्रणेचा एक भाग म्हणून पाहिले. डोळ्यांनी माहिती आत येते, मेंदू हिशेब करतो, हात हालचाल करतात, झालेली चूक पुन्हा डोळ्यांना दिसते आणि पुढची हालचाल सुधारली जाते. हेच प्रत्याभरणाचे चक्र. क्रेक १९४५ च्या मे महिन्यात सायकल अपघातात वारले. त्यांचे यासंबंधीचे निबंध मृत्यूनंतर, १९४७ आणि १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले.

युद्ध संपले आणि हीच दृष्टी कारखान्यांत आली. क्रॉसमन या संशोधकाने १९५९ साली एका निबंधात सिगार बनवणाऱ्या स्त्रियांच्या वेगाचा अभ्यास मांडला. एका यंत्रावर तीच हालचाल लाखो वेळा करूनही त्यांचा वेग सुमारे दोन वर्षांपर्यंत वाढतच राहत होता. सोलापूरकरांना हे वाचून विडी वळणाऱ्या स्त्रियांचे हात आठवतील. बघता बघता पान कापले जाते, तंबाखू भरली जाते, दोरा गुंडाळला जातो, आणि तोंडाने गप्पा चालूच असतात. सराव पुरेसा झाला, की हालचालीकडे लक्ष द्यावे लागत नाही. कौशल्य म्हणतात ते हेच.

‘तांत्रिक कौशल्य’ आणि ‘सामाजिक कौशल्य’ अशी जोडी त्याआधीच कारखान्यांच्या संदर्भात मांडली गेली होती. अमेरिकेतील हॉथॉर्न कारखान्यातील अभ्यासामुळे प्रसिद्ध झालेले एल्टन मेयो यांनी १९४५ च्या पुस्तकात तक्रार केली होती, की आधुनिक उद्योग पहिल्याकडे लक्ष देतो आणि दुसरे विसरतो. पण सामाजिक कौशल्य म्हणजे नेमके काय, ते कसे मोजायचे, हे त्यातून स्पष्ट होत नव्हते.

ते काम ऑक्सफर्डमधील मायकेल आर्गाइल यांनी केले. आर्गाइल आणि त्यांचे सहकारी अ‍ॅडम केंडन यांनी १९६७ साली एक महत्त्वाचा निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : माणसाशी बोलणे हे मोटार चालवण्यासारखे किंवा यंत्र चालवण्यासारखे आहे. बोलणाऱ्याचा काही हेतू असतो. तो समोरच्याचा चेहरा, नजर, आवाज टिपतो, त्याचा अर्थ लावतो, त्यानुसार काही करतो, परिणाम पाहतो आणि स्वतःत दुरुस्ती करतो. तेच प्रत्याभरणाचे चक्र.

कल्पना सुपीक होती. नजर किती वेळ भिडते, बोलणारा बोलणे संपवताना कोठे बघतो, दोघांत अंतर किती राहते, या गोष्टी प्रयोगशाळेत मोजता येऊ लागल्या. शिवाय तिच्यात एक आशा होती. कौशल्य म्हटले की ते शिकवता येते. आधी ज्याला ‘स्वभाव’ म्हणून सोडून दिले जाई, त्याबाबत आता काही करता येईल असे वाटू लागले. ट्रॉवर, ब्रायंट आणि आर्गाइल यांनी १९७८ साली मानसिक आजार असलेल्या व्यक्तींसाठी सामाजिक कौशल्यांच्या प्रशिक्षणाची मांडणी केली.

पण प्रत्येक उपमेत काहीतरी गृहीत धरलेले असते. मोटार आणि चालक यांच्यात चूक झाली, की आपण चालकाला जबाबदार धरतो, कारण मोटारीला चालकाबद्दल काही मत नसते. ती त्याच्या पोशाखावरून किंवा आवाजाच्या चढउतारावरून त्याच्याविषयी ग्रह करून घेत नाही. संभाषणात मात्र दोन्ही बाजूंना चालकच असतात. आर्गाइल आणि केंडन यांना हे माहीत नव्हते असे नाही. दोघांच्या वागण्याचा मेळ बसण्यावर त्यांनी लिहिलेले आहे. पण त्यांची कल्पना प्रयोगशाळेतून रुग्णालयात, आणि तेथून शाळा-महाविद्यालयात गेली, तेव्हा तिची एकच बाजू उरली. एक माणूस चालक, आणि बाकी जग म्हणजे त्याने नीट चालवायचे यंत्र.

दुसरा धागा : स्वमग्नता

स्वमग्नतेचा इतिहास स्वतंत्रपणे पुढे सरकत होता. कीव्ह येथे जन्मलेल्या आणि मॉस्को येथे काम करणाऱ्या ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ साली सहा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली होती. आज आपण ज्याला स्वमग्नता म्हणतो, तिच्याशी ती आश्चर्यकारक रीतीने जुळतात. पण जगाने दखल घेतली ती १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर लिहिलेल्या निबंधाची. १९४४ साली व्हिएन्नामध्ये हान्स अ‍ॅस्परगर यांनी भाषा चांगली असलेल्या, एखाद्या विषयात बुडून जाणाऱ्या मुलांविषयी लिहिले. अ‍ॅस्परगर यांचा नाझी राजवटीतील सहभाग २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आला, आणि त्यांचे नाव वापरण्याबद्दल अनेकांनी फेरविचार केला.

पुढची बरीच वर्षे स्वमग्नता म्हणजे लहान मुलांचा एक दुर्मीळ आणि तीव्र विकार अशीच समजूत होती. असे मूल पुढे विद्यापीठात जाईल, ही कल्पनाच कोणी करत नसे. १९८१ साली लंडनच्या लॉर्ना विंग यांनी अ‍ॅस्परगर यांच्या कामाकडे इंग्रजी वाचकांचे लक्ष वेधले आणि चित्र बदलू लागले. बुद्धी आणि भाषा उत्तम, पण लोकांत मिसळताना अडचण, अशाही व्यक्ती याच पटात बसतात हे त्यांनी दाखवले. १९९४ मध्ये अमेरिकी निदानपुस्तिकेत या प्रकाराला स्वतंत्र जागा मिळाली. २०१३ मध्ये सगळे प्रकार ‘स्वमग्नता वर्णपट’ या एकाच नावाखाली आले.

मधल्या काळात एक प्रयोग फार गाजला. १९८५ साली बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांनी मुलांना दोन बाहुल्यांचा खेळ दाखवला. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून जाते. तिच्या मागे अ‍ॅन ती डब्यात लपवते. सॅली परत आल्यावर गोटी कोठे शोधेल? सॅलीला बदल माहीत नाही, म्हणून उत्तर ‘टोपलीत’. २० स्वमग्न मुलांपैकी १६ जणांनी हे उत्तर दिले नाही. इतर मुलांपैकी बहुतेकांना ते जमले. यावरून निष्कर्ष निघाला, की दुसऱ्याच्या मनात काय आहे हे ओळखण्याची क्षमता स्वमग्न व्यक्तींत कमी असते.

येथे दोन धागे एकत्र विणले गेले. एका बाजूला ‘संवाद हे शिकवता येणारे कौशल्य आहे’ ही कल्पना, दुसऱ्या बाजूला ‘स्वमग्न व्यक्तीत हे कौशल्य कमी आहे’ हे निदान. त्यातून सामाजिक कौशल्यांचे वर्ग सुरू झाले. नजर कशी भिडवावी, संभाषण कसे सुरू करावे, गटात कसे शिरावे, विनोद कधी करावा, याचे पाठ पुढे महाविद्यालयीन वयाच्या तरुणांपर्यंत आले.

प्रशिक्षणाचा हिशेब

या वर्गांचा उपयोग होतो का? २०१७ साली गेट्स, कांग आणि लर्नर यांनी अशा गटवर्गांवरील नियंत्रित प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. निकाल शिक्षकांनी लक्षात ठेवावा असा आहे. प्रशिक्षण घेतलेल्या मुलांनी स्वतःबद्दल सांगितलेली सुधारणा मोठी होती. पण ती मुख्यतः ‘काय करायला हवे हे आता मला माहीत आहे’ अशी होती. प्रत्यक्ष वागण्यातली नव्हती. पालकांना आणि निरीक्षकांना थोडा बदल दिसला. शिक्षकांना जवळजवळ दिसलाच नाही.

याचा अर्थ प्रशिक्षण निरुपयोगी असा नाही. नियम कळल्याने काहींना धीर येतो, आणि ज्याला ते शिकायचे आहेत त्याला ते शिकायला मिळालेच पाहिजेत. पण नियम पाठ होणे आणि संवाद सुरळीत होणे या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या.

दुसरी गोष्ट किमतीची. अनेक स्वमग्न तरुण प्रचलित घडणीच्या माणसासारखे वागण्याचा सतत प्रयत्न करतात. ठरवून नजर भिडवतात, हात हलवण्याची सवय दाबतात, वाक्ये आधी पाठ करून येतात. याला ‘मुखवटा’ असे म्हटले जाते. २०१७ साली हल आणि सहकाऱ्यांनी स्वमग्न प्रौढांना याविषयी विचारले, तेव्हा थकवा आणि आपली खरी ओळख हरवल्याची भावना वारंवार पुढे आली. २०१८ साली कॅसिडी आणि सहकाऱ्यांना असा मुखवटा आणि आत्महत्येचे विचार यांच्यात संबंध आढळला. यातला कार्यकारणभाव एका पाहणीने सिद्ध होत नाही. तरीही ज्या विद्यार्थ्याचे वागणे आता ‘सुधारले’ असे आपल्याला वाटते, तो त्यासाठी काय मोजतो आहे हे विचारण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

समोरच्या बाजूकडे पाहिले तेव्हा

१९९० च्या दशकात स्वमग्न व्यक्ती स्वतः लिहू आणि संघटित होऊ लागल्या होत्या. ‘न्यूरोटिपिकल’ हा शब्द त्यांच्याच वर्तुळातून आला, आणि त्याच दशकाच्या शेवटी ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हा शब्द छापील लेखनात रुळू लागला. २०१२ साली डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने एक साधा प्रश्न विचारला. स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही असे म्हणता; पण इतरांना तरी स्वमग्न माणसाचे मन कोठे कळते? अडचण दोन्हीकडून आहे. मग ती एकाच्याच नावावर का लिहायची? या मांडणीला त्यांनी ‘दुहेरी समानुभूतीचा प्रश्न’ म्हटले.

हा केवळ युक्तिवाद राहिला नाही, त्याची तपासणी झाली. २०१७ साली सॅसन आणि सहकाऱ्यांनी स्वमग्न आणि इतर प्रौढांच्या बोलण्याचे छोटे तुकडे अनोळखी लोकांना दाखवले आणि त्यांची पहिली छाप विचारली. चित्र आणि आवाज असताना स्वमग्न व्यक्तींना कमी पसंती मिळाली, त्यांच्या शेजारी बसण्याची किंवा त्यांच्याशी बोलण्याची तयारीही कमी दिसली. पण तेच बोलणे नुसते कागदावर लिहून वाचायला दिले, तेव्हा हा फरक नाहीसा झाला. म्हणजे ते काय बोलले यात उणीव नव्हती. कसे दिसले आणि कसा आवाज आला, यावर ऐकणाऱ्याने निकाल दिला होता, तोही क्षणभरात. नोकरीच्या मुलाखतीत पहिल्या मिनिटात काय घडते, याची कल्पना यावरून येते.

दुसरा प्रयोग ‘कानगोष्टी’च्या खेळासारखा होता. २०२० साली एडिंबरोच्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या. पहिल्याला एक गोष्ट सांगायची, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. काही साखळ्यांत सगळे स्वमग्न, काहींत कोणीच नाही, काहींत आलटून पालटून. एकूण ७२ जण होते. फक्त स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत गोष्टीचा तपशील इतरांच्या साखळीइतकाच टिकला. मिश्र साखळीत तो अधिक वेगाने गळला.

विज्ञानात एका प्रयोगावर थांबता येत नाही. २०२५ साली याच संशोधकांनी सहकाऱ्यांसह ३११ जणांवर मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. यावेळी तिन्ही प्रकारच्या साखळ्यांमध्ये माहिती पोचण्यात फरक आढळला नाही. म्हणजे ‘मिश्र साखळीत तपशील जास्त गळतो’ हा पहिला निष्कर्ष डळमळीत झाला. पण दोन्ही प्रयोगांत एक गोष्ट सारखीच निघाली. स्वमग्न माणसे माहिती पोचवण्यात कमी पडत नाहीत. गटचर्चेत ‘संवादकौशल्य’ या रकान्यात शून्य टाकणाऱ्याने हे आधी वाचलेले बरे.

स्वमग्न विद्यार्थ्याला काहीच अडचण नसते, असा मात्र याचा अर्थ काढू नये. मोठा आवाज, लुकलुकणारे दिवे, अचानक बदललेले वेळापत्रक यांचा त्रास खरा असतो. काहींना आयुष्यभर बऱ्याच मदतीची गरज असते. एका स्वमग्न विद्यार्थ्यावरून दुसऱ्याचा अंदाजही करता येत नाही.

नजरेचे माप

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. आर्गाइल यांनी नजरानजरेची मापे इंग्लंडमध्ये घेतली. आपल्या घरांत वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवणे हा अनेकदा आदर समजला जातो, आणि डोळ्याला डोळा भिडवणे हा आगाऊपणा. तोच मुलगा बाहेरगावच्या परीक्षकासमोर नजर खाली ठेवून उभा राहिला, की ‘आत्मविश्वास नाही’ असा शेरा मिळवतो. घरी जे संस्कार ठरले, ते तोंडी परीक्षेत उणीव ठरले. त्यात सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे शेजारी शेजारी आहेत. बोलताना कोणी किती जवळ उभे राहावे, कोणी आधी बोलावे, किती मोठ्याने हसावे, याच्या रीती गल्लीगणिक थोड्या बदलतात. हे विद्यार्थी एकमेकांच्या रीती सांभाळून घ्यायला शिकतात, आणि त्यासाठी कोणाचे निदान करावे लागत नाही.

भारतात स्वमग्नतेचे प्रमाण ठरवण्यासाठी जी भारतीय मोजपट्टी वापरात आली, तिच्यात ४० बाबी आहेत आणि प्रत्येकीला १ ते ५ गुण देतात. पहिली बाब नजर भिडवण्याविषयीचीच आहे. अनुभवी तज्ज्ञ ही बाब एकटी धरत नाही, इतर ३९ बाबींसह पाहतो. घाईतला परीक्षक मात्र तेवढ्या एकाच बाबीवर निकाल देतो.

कायदा कोठपर्यंत आला

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो प्रथम आला. महाराष्ट्रात १९९६ पासून अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती मिळू लागल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकार मान्य केले. त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. ठरावीक मर्यादेपलीकडे दिव्यांगत्व असलेल्यांसाठी शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करावी, असेही हा कायदा सांगतो. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी लेखी परीक्षेत दर तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ ठरवून दिला होता.

या सोयी मोलाच्या आहेत. पण नीट पाहिले, तर त्यांचा भर कागदावर लिहिण्याच्या परीक्षेवर आहे. तोंडी परीक्षा, गटप्रकल्प, औद्योगिक भेट आणि नोकरीची गटचर्चा या ठिकाणी ‘वाजवी सोय’ म्हणजे काय, याचा विचार महाविद्यालयाला स्वतःच करावा लागतो. आणि विद्यार्थी नेमका तेथेच गळतो.

अहमदाबादचे माग

हा विचार कसा करावा, याचे एक जुने उदाहरण पुन्हा मागांकडेच नेते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग बसवले गेले. यंत्रे नवी होती, पण उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढेना आणि कापडातले दोष कमी होईनात. दोष कामगारांच्या कौशल्यात आहे, असे म्हणणे सोपे होते. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तेथे आले. त्यांनी पाहिले, की कामाची वाटणी सुट्या सुट्या भूमिकांत झाली आहे. कोणी फक्त तुटलेले धागे जोडतो, कोणी कांड्या भरतो, कोणी तेल घालतो. प्रत्येकाचे काम दुसऱ्यावर अवलंबून, पण आपला गट कोणता हे कोणालाच ठाऊक नाही. मागांचा एक संच आणि त्यासाठी कामगारांचा एक छोटा गट, अशी नवी रचना सुचली आणि कामगारांनीच ती चटकन उचलून धरली. उत्पादन वाढले, दोष घटले. माणसे तीच होती, माग तेच होते.

पुढे एरिक मिलर यांनी १९७० पर्यंतचा आढावा घेतला, तेव्हा ही रचना काही ठिकाणी टिकली होती आणि काही ठिकाणी झिजून गेली होती. रचना एकदा बसवली की कायमची बसते असे नाही, तिच्याकडे लक्ष ठेवावे लागते, हाही धडा त्यातच आहे.

आर्गाइल यांनी कारखान्यातून ‘चालकाचे कौशल्य’ उचलले. आमच्या मते शिक्षकांनी त्याच कारखान्यातून राइस यांची दृष्टीही उचलायला हवी. संवाद अडला, की माणसे बदलण्याआधी मांडणी तपासावी.

औद्योगिक भेटीपुरते बोलायचे, तर मांडणी बदलणे फार अवघड नाही. शेडमध्ये काय पाहायचे आणि कोणते प्रश्न विचारायचे याचा कागद आदल्या दिवशी द्यावा. भेट किती वाजता सुरू होईल, किती वाजता संपेल आणि शेडमध्ये किती आवाज असेल, हे आधी सांगावे. कानात घालायचे बोळे सर्वांना द्यावेत, म्हणजे ते मागणारा एकटा पडत नाही. गटात प्रत्येकाला नेमके काम द्यावे : एकाने मोजणी, एकाने रेखाचित्र, एकाने प्रश्न विचारणे. तोंडी परीक्षेत एका वेळी एकच प्रश्न विचारावा, तो लिहूनही दाखवावा, आणि उत्तरासाठी थांबावे. नजर भिडवण्याला गुण ठेवू नयेत. ज्या नोकरीत रोज आकडेवारी तपासायची आहे, तिच्या निवडीत गटचर्चा कशासाठी, हे भरतीला येणाऱ्या कंपनीला विचारावे. यांतली एकही गोष्ट केवळ वेगळ्या घडणीच्या विद्यार्थ्यांच्या उपयोगाची नाही. खेड्यातून आलेल्या, मराठी माध्यमाच्या, लाजाळू अशा सगळ्यांनाच तिचा फायदा होतो. कोणाचे निदान झाले आहे हे वर्गाला सांगण्याची गरजही राहत नाही.

वर्गात करून पाहा

यासाठी एक प्रयोग सुचवतो. कोणत्याही विद्यार्थ्यावर शिक्का न मारता तो नववीपासून पुढे कोणत्याही वर्गात करता येईल.

१५ ते २० तपशील असलेली एक छोटी गोष्ट लिहा. सहा-सहा विद्यार्थ्यांच्या तीन साखळ्या करा. पहिली साखळी शांत खोलीत गोष्ट पुढे सांगेल. दुसरी साखळी मोठ्या आवाजात लावलेल्या रेडिओशेजारी सांगेल. तिसरीही त्याच गोंगाटात बसेल, पण तिला हातवारे आणि कागदावर चित्र काढण्याची मुभा असेल. प्रत्येक साखळीच्या शेवटच्या विद्यार्थ्याकडून गोष्ट लिहून घ्या आणि किती तपशील टिकले ते मोजा. दुसऱ्या दिवशी नवी गोष्ट घ्या आणि त्याच विद्यार्थ्यांच्या साखळ्यांची अदलाबदल करा. तिसऱ्या दिवशी पुन्हा तसेच करा. आकडे फळ्यावर मांडा.

मग विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारा : आकडे बदलले असतील, तर कोण बदलले होते? उत्तरे त्यांनाच लिहू द्या. ज्याला उभे राहून बोलणे जमत नाही, त्याचा कागदही चर्चेत वाचला जाईल एवढे पाहा.